नळदुर्गात मी ‘पुरे’ म्हणालो तेव्हा

आधी तो चहा संपवा बघू. संपवा, संपवा! अर्ध्या कपावर हा किस्सा ऐकाल तर चहा नाकातून येईल आणि दोष मला द्याल. माझी फजिती सांगायला माझी काही हरकत नाही. ती आता इतकी जुनी झालीय, की दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी वाटते. दुर्दैवानं ती माझीच आहे.

तर मी तेव्हा पुण्यात एम.ए. करत होतो. प्राचीन इतिहास. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, आणि मराठवाड्यातल्या किल्ल्यांचं, लेण्यांचं नव्यानं काहीतरी काम करावं असं आमच्या सरांच्या मनात आलेलं. सर म्हणजे साधा माणूस नव्हे! नुसता चष्मा पुसायला लागले तरी आम्ही वह्या आवरून दाराकडं बघायचो. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “नळदुर्गच्या पाणी महालात फारसी शिलालेख आहे. त्याचा स्वच्छ ठसा घेऊन या. विभागात मदतनिसाची जागा निघतेय. बघू.”

हे ‘बघू’ ऐकलंत? सरांच्या तोंडचं ‘बघू’ म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडचं ‘झालंच म्हणून समजा’. मी हवेत!

आणि माझा तोरा काय विचारता! मोडी मी वर्तमानपत्रासारखी वाचायचो. ब्राह्मी यायची. फारसी निदान अक्षर लावण्यापुरती यायची. थोडक्यात काय, मेलेल्या माणसांशी बोलायला मला काहीच अडचण नव्हती. जिवंत माणसांचा प्रश्न अजून आलेला नव्हता.

तो माझ्या खोलीतल्या बसूमुळं आला. बसवराज नळदुर्गचाच. म्हणाला, “हाटेलात कशाला जेवतोस लेका? माझ्या मामाच्या घरी जा. मामा उमरग्याच्या बाजाराला गेलेला असंल, पण आज्जी हाय, नवी मामी हाय. फकस्त एक हाय. आज्जी आळंदकडची, मामी गुलबर्ग्याकडची. दोघींना कानडीच येती, मराठी येत न्हाय.”

“मग बोलू कसा?”

“बोलायचं काय त्यात? जेवायचं! दोन शब्द ध्यानात ठेव, लई झालं. बेकु म्हणजे पायजे. साकु म्हणजे पुरे. बास!”

आता दोन शब्द! ज्या माणसानं अख्खी ब्राह्मी पाठ केली त्याला दोन शब्द म्हणजे काय हो? तरी मी शिस्तीचा विद्यार्थी. रेल्वेत बसल्या बसल्या लक्षात ठेवायची युक्ती काढली. ‘बेकु’ आणि ‘बास’, दोन्हींत ‘ब’. म्हणजे बेकु म्हणजे बास! आणि साकु म्हणजे साखर, साखर कुणाला नको असते? म्हणजे साकु म्हणजे पाहिजे! किती सोपं! मी स्वतःवरच खूष होऊन सोलापूरपर्यंत झोपलो.

श्रावण होता. सोलापूरहून एसटीनं नळदुर्गला उतरलो तेव्हा किल्ल्याची तटबंदी धुऊन काढल्यासारखी काळीभोर दिसत होती. बसूच्या मामाचं कापडदुकान विचारत विचारत गेलो. दुकान बंद, मागं घर. दारात आज्जी. ठेंगणी, गोरी, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मी “बसू... पुणे...” एवढंच म्हणालो, आणि तिनं माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. “बा, बा!” म्हणाली. हे कळलं. या, या.

आत गेलो. तिनं पाट दाखवला. “कुंद्रु.”

बसलो.

लगेच माझ्याकडं बघून म्हणाली, “ऊटा!”

अरे! आत्ताच तर बसवलंत! पण वडीलधारं माणूस, उठलो.

आज्जी गोंधळली. माझ्या खांद्यावर हात दाबून म्हणाली, “कुंद्रु, कुंद्रु!” बसलो. “ऊटा!” पुन्हा उठलो. असं आमचं बराच वेळ चाललं. स्वयंपाकघराच्या दाराआडून नव्या मामीच्या बांगड्या वाजायला लागल्या, म्हणजे ती हसत होती. शेवटी आज्जीनं हातानं घास तोंडाकडं नेऊन दाखवला, तेव्हा उजेड पडला की ‘ऊटा’ म्हणजे जेवण. शाळेत उठाबशा काढल्या होत्या, पण त्या उपाशीपोटी. इथं निदान पुढं ताट येणार होतं!

आणि ताट आलं. काय सांगावं! कडक ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट डाळ, आणि मग होळगी. आपली पुरणपोळीच, पण तव्यावरून थेट, तळहाताएवढी नव्हे, चांगली तबकाएवढी, आणि वरून तुपाची धार अशी, की होळगी पोहायला लागावी. मी खाल्ली. दुसरी आली, तीही खाल्ली. पोट भरलं. सकाळी सोलापूर स्टेशनवर भजी खाल्लेली होतीच.

आज्जी तिसरी घेऊन आली आणि मान वाकडी करून, अगदी मायेनं विचारलं, “बेकेनु?”

बघा! ‘पुरे का’ म्हणून विचारतेय! किती समंजस बाई! मी हात जोडून हसून म्हणालो, “बेकु, बेकु!”

तिनं होळगी वाढली.

मी म्हटलं, असेल, आग्रहाची पद्धत असेल. आपल्याकडं नाही का ‘नको नको’ म्हटल्यावरच वाढतात? ती संपवली. पुन्हा आली. पुन्हा “बेकेनु?” पुन्हा मी, या वेळी जरा ठाम, “बेकु!”

आणखी एक.

मंडळी, मी मोजणं सोडलं. मी जितका काकुळतीला येऊन ‘बेकु’ म्हणायचो तितकी ती बाई फुलत जायची. डोळ्यांत पाणी तिच्या! मला नंतर कळलं, बसू जन्मभर पाखरासारखं खाणारा, मामाला पित्ताचा त्रास, आणि आज्जीच्या हातचं मागून मागून खाणारा पुरुष त्या घरात तिचा नवरा गेल्यापासून कुणी बसलाच नव्हता. तिनं शेजारच्या गौरव्वाला हाक मारली. गौरव्वा आली आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. तिनं तिच्या जावेला बोलावलं. बायका पदर तोंडाला लावून बघतायत, आत पुरण संपलं म्हणून गौरव्वाच्या घरून डबा येतोय, आणि मी मधोमध बसून ओरडतोय, “बेकु! बेकु!”

शेवटी माझा धीर सुटला. मी दोन्ही हात ताटावर उपडे घातले आणि जीव तोडून ओरडलो, “बेक्कु! आज्जी, बेक्कु!!”

होळगी हवेतच थांबली. आज्जीचा चेहराच बदलला.

“बेक्का? एल्ली?”

मी म्हटलं, कळलं एकदाचं! आता जरा खुलासा करावा. मी पोटावर हात ठेवला, तो छातीपर्यंत आणला, गळ्यापर्यंत आणला, आणि इथवर भरलंय हे ठसवायला बोट थेट वर केलं.

सगळ्या बायकांनी वर बघितलं. माळ्याकडं.

आणि मग काय झालं म्हणता! आज्जीनं कोपऱ्यातली काठी उचलली. गौरव्वानं केरसुणी घेतली. तिची जाऊ कणगीवर पाय देऊन माळ्याकडं चढायला लागली. नवी मामी लाटणं घेऊन बाहेर. मला वाटलं, ह्या लोकांत जेवण नाकारणं म्हणजे केवढा मोठा गुन्हा असेल! मी ताट सोडून भिंतीला चिकटलो. आज्जीनं काठी माळ्यावर आपटली, आणि वरून एक भलं दांडगं करडं मांजर “फिस्स!” करत माझ्या डोक्यावर आलं, डोक्यावरून ताटात, ताटातून तुपाच्या भांड्यात, आणि तिथून तुपाची पावलं उमटवत दाराबाहेर!

गौरव्वाच्या जावेनं माळ्यावरून ओरडून काहीतरी सांगितलं. तिथं एका फाटक्या घोंगडीत मांजरीची पिल्लं होती. बऱ्याच दिवसांपासून घरातलं दूध कोण पितं ह्याचा शोध लागत नव्हता, तो लागला.

आणि आज्जी? आज्जी काठी टाकून माझ्याकडं आली आणि पुन्हा कानशिलावर बोटं मोडली. काय तीक्ष्ण नजर पोराची! जेवताजेवता माळ्यावरचं मांजर बघितलं!

बक्षीस म्हणून मला आणखी एक होळगी मिळाली.

मी खाल्ली. तोवर माझा सगळ्या भाषांवरचा विश्वास उडाला होता.

इतक्यात दारात खोकल्याचा आवाज आला. कादरमास्तर. निजामाच्या राजवटीत शाळेत फारसी शिकवायचे, बसूच्या मामाचे जुने स्नेही. शिलालेख दाखवायला तेच येणार होते. पांढरी दाढी, काळी शेरवानी, हातात छत्री. म्हणाले, “चलो बेटा, ऊन वाढायच्या आत किल्ला बघू.”

ऊन? मला तर त्या घटकेला जगबुडी आली असती तरी चाललं असतं, फक्त चालावं लागता कामा नये.

कसाबसा निघालो. कागदाची गुंडाळी, ब्रश, शाई, सगळं पिशवीत. मास्तर पुढं, मी मागं. ते दाखवतायत, हा बुरूज, हा दरवाजा, ही बारादरी. मी नुसता “हं” म्हणतोय. किल्ला अप्रतिम हो! पण मी तो सबंध वाकून पाहिला. उपळी बुरुजापाशी आलो. उंचच उंच, वर तोफा, आणि वर जायला सरळ आभाळाकडं गेलेल्या पायऱ्या. त्या बघताच पोटातली होळगी म्हणाली, तू जा, मी इथंच थांबते. मी मटकन बसलो.

“क्या हुआ रे बाबा? इतना कायकू हाफते?”

“मास्तर,” मी म्हणालो, “तुमच्या गावात पाहुण्याला जीवे मारायची चाल आहे का? मी पुरे पुरे म्हणून ओरडतोय आणि ती आज्जी वाढतेय!”

“ऐसा? काय म्हणालास तू?”

“बेकु म्हणालो! शेवटी तर बेक्कु, बेक्कु म्हणून किंचाळलो!”

मास्तरांनी छत्री टेकली. माझ्याकडं बघितलं. मग दाढी हलायला लागली, मग खांदे, आणि मग तो सत्तरीचा भारदस्त माणूस उपळी बुरुजाच्या पायथ्याशी चक्क खाली बसून मांडीवर थापा मारत हसायला लागला.

“अरे बाबा! बेकु म्हणजे पायजे! तू पायजे, पायजे म्हणत होतास!”

“आणि बेक्कु? ती ‘बेक्का? एल्ली?’ म्हणाली!”

“एल्ली म्हणजे कुठं, अन् बेक्कु म्हणजे मांजर!”

माझ्या डोळ्यांपुढं ती सगळी पंगत पुन्हा उभी राहिली. परक्या घरात जाऊन, बायकांच्या देखत, ‘पाहिजे! पाहिजे!’ म्हणून हंबरडा फोडणारा पुण्याचा विद्वान! आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून ताटावर हात ठेवून ‘मांजर! मांजर!’

“आता मी त्या घरात तोंड कसं दाखवू?”

“कायकू नै दाखवणार?” मास्तर डोळे पुसत म्हणाले. “आज्जी आज जितकी खूष हाय तितकी मैं कभी देखा नै. जाताना साकु म्हण, माफी माग, हो गया. आणि हां, ती काही इचारली तर हौदु म्हण. हौदु म्हणजे व्हय.”

जरा हायसं वाटलं. पाणी महालात उतरलो. बोरी नदीचं पाणी बांधावरून नर-मादी नावाच्या जोडधबधब्यांनी कोसळत होतं, आणि त्या बांधाच्या पोटात हा महाल. वरून पाणी, खालून पाणी, मधे आपण! थंडगार वारा, तुषार, कानांत नुसता घोष. मी शिलालेखावर ओला कागद बसवला, ब्रशनं ठोकला, अक्षरं सुरेख उठली. मास्तरांना समजावून सांगितलं, की कागद जरा सुकला की शाईत बुडवलेला कापडाचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. म्हटलं, सुकेपर्यंत दोन मिनिटं भिंतीला टेकतो.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालेलं.

दचकून उठलो. माझा शिलालेख! तर मास्तर समोर बसलेले, बोटं शाईनं काळी, आणि मांडीवर ठसा. असा देखणा ठसा मी आयुष्यात पाहिला नव्हता. एकेक नुक्ता, एकेक टिंब म्हणजे मोती!

“तुम्ही केलात?”

“तुझ्या घोरण्यानं कबुतरं उडाली, मग करू काय? जिंदगीभर पोरांच्या पाट्या तपासल्या. ही पण एक पाटीच.” मग उठून म्हणाले, “शेवटची बस निघंल आता. मैं जाके गाडी थांबवतो, तू घरून बॅग घेऊन ये.”

मी ठसा गुंडाळून कापडी पिशवीत ठेवला आणि जवळजवळ नाचतच निघालो. पोट हलकं, काम फत्ते, नोकरी खिशात! आता फक्त आज्जीला एक शब्द बरोबर म्हणायचा होता.

आज्जी दारातच उभी. हातात ताट. ताटात होळगी. मागं गौरव्वा, तिची जाऊ, आणि आणखी दोन घरच्या बायका, सकाळी चुकलेल्या.

“साकु!” मी ओरडलो. “साकु, साकु!”

आज्जी थांबली. ताट खाली आलं. हो! शब्दानं काम केलं! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिथंच थांबलो असतो तर आज ही गोष्ट नसती. पण विद्वान माणूस तिथं थांबत नाही, तो स्पष्टीकरण देतो. मला सांगायचं होतं, की सकाळी मला साकु म्हणायचं होतं आणि मी बेक्कु म्हणालो. मी छातीवर हात ठेवून कळवळून म्हणालो, “आज्जी, मी... साकु... बेक्कु! साकु, बेक्कु!”

“साकु बेक्कु?” आज्जीनं विचारलं.

“हौदु! हौदु!” मी आनंदानं मान डोलावली.

आज्जीचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. “मरि, मरि,” असं पुटपुटत ती आत गेली. मी म्हटलं, मरी? हे काय आता? तर ती बाहेर आली ती पदराआड काहीतरी धरून, आणि माझ्या दोन्ही हातांत ठेवलं. करडं, मऊ, डोळे निळे.

“म्याव,” ते म्हणालं. मरि म्हणजे पिल्लू, हे मला त्यानंच सांगितलं.

परत द्यावं तर कोणत्या शब्दात? होते ते सगळे शब्द मी वापरून बसलो होतो! मी आज्जीच्या पाया पडलो, एका हातात बॅग, पिशवी खांद्यावर आणि दुसऱ्या हातात ते पिल्लू, असा स्टँडवर आलो.

कादरमास्तरांनी पिल्लू बघितलं. “काय म्हणालास?”

“साकु बेक्कु.”

“या अल्ला! साकु म्हणजे पुरे, आणि साकु म्हणजे पाळायचं पण! पाळायला मांजर मागितलंस तू तिला!” आणि पुन्हा छत्रीला धरून वाकले.

कंडक्टर मात्र हसला नाही. “जनावर न्हाय चालत गाडीत. मांजर आडवं गेलं तर डायवर गाडी थांबवतो, अन् तुमी ते आतच घालायलाव?”

मास्तर त्याच्या कानाशी लागले. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. मास्तरांनीच माझी कापडी पिशवी उघडली, पिल्लू आत सोडलं आणि तोंड आवळलं.

कंडक्टर आभाळाकडं बघत म्हणाला, “म्या मांजर बघितलं न्हाय. पर पिशवी बोलली, तर तुमी खोकायचं.”

नळदुर्ग ते सोलापूर मी खोकत गेलो! पिशवी म्याव म्हणाली की मी खोक्क. ती लई बोलकी निघाली. शेजारचे एक म्हातारे शेतकरी बराच वेळ माझ्याकडं दयेनं बघत होते. शेवटी म्हणाले, “अडुळसा घ्या, पाव्हणं. माझ्या भावाचा खोकला बी असाच व्हता, शेवटाला म्यावच यायचं त्यात.”

पुढं रेल्वेत पिशवी रात्रभर गप्प राहिली, आणि तिच्यात कोण आहे हे साफ विसरून मी पुण्याला पोचलो तो थेट विभागात. सर खोलीतच होते. टेबलावर पिशवी ठेवली आणि म्हणालो, “सर, ठसा आणलाय. असा ठसा तुम्ही पाहिला नसेल!”

आणि पिशवी उपडी केली.

आधी पिल्लू बाहेर आलं. आळोखेपिळोखे देत. मग शिलालेख बाहेर आला. तो मात्र सगळा एकदम आला नाही. लहान लहान तुकड्यांनी, भुरूभुरू, दिवाळीच्या फटाक्यांच्या कागदासारखा टेबलभर पसरला. काही तुकडे ओलेही होते. का, ते विचारू नका.

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. एक तुकडा उचलून त्यावरचा नुक्ता बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “हे काय आहे?”

मी सगळं सांगितलं. बसूपासून अडुळशापर्यंत. सर टेबलावर एकेक तुकडा जुळवून बघत होते. मी मान खाली घालून उभा. आणि तेवढ्यात त्यांच्या पुस्तकांच्या कपाटामागं खुडबुड झाली. उंदीर! त्या खोलीत उंदरांनी गेली कित्येक वर्षं धुमाकूळ घातला होता. अर्धे जुने अंक त्यांनीच वाचून संपवले होते. पिल्लानं कान टवकारले, टेबलावरून उडी मारली आणि कपाटाखाली दिसेनासं झालं. खुडबुड थांबली.

सरांनी वाकून कपाटाखाली बघितलं. मग पहिल्यांदाच त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. म्हणाले, “तुमचं बघू. ह्याला राहू द्या.”

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा नळदुर्गला गेलो. मास्तरांनी ठसा पुन्हा काढून दिला, आज्जीकडं पुन्हा जेवलो, या वेळी बसूला शेजारी बसवून. पण तोवर मदतनिसाची जागा दुसऱ्याला गेली होती; सरांचं ते दुसरं ‘बघू’ चारचौघांसारखंच निघालं. मला विभागात घेतलं ते पुढं बऱ्याच वर्षांनी.

रुजू व्हायला गेलो त्या सकाळी सरांच्या खोलीतली माझ्यासाठी ठेवलेली खुर्ची अडलेली होती. तिच्यावर एक लठ्ठ करडी मांजर झोपली होती. मी तिला उठवायला हात पुढं केला, तर सर मान वर न करता म्हणाले, “तुम्ही स्टूल घ्या. ती इथं तुमच्याहून ज्येष्ठ आहे.”